वेशीची किल्ली

११ जून १८८१ रोजी जर्मनीतल्या कोलोन शहराने स्वतःचा तट फोडायला घेतला, आणि तोही समारंभाने. गेरेऑनच्या वेशीजवळ सुरुंग भरला होता. बत्ती दिली, सातशे वर्षांच्या भिंतीला भगदाड पडलं, आणि महापौर विल्हेल्म बेकर यांनी भाषण केलं. त्याचा आशय असा: कोलोन मोठं व्हावं म्हणून वाडवडिलांना हे बांधावं लागलं, ते लहान होऊ नये म्हणून आपल्याला हे उडवून द्यावं लागतंय.

तट पाडल्याच्या कथा आपल्याला नव्या नाहीत. १८१८ नंतर इंग्रजांनी सह्याद्रीतल्या किल्ल्यांच्या वाटा आणि दरवाजे तोफांनी, सुरुंगांनी उद्ध्वस्त केले. गड चढताना कुणीतरी ते सांगतं आणि आपण दोन मिनिटं हळहळतो. तिथे पाडणारा परका असतो, त्यामुळे राग कुणावर धरायचा हा प्रश्न येत नाही. इथे मात्र गावाचा तट गावानेच पाडला होता, आणि वर पैसेही मोजले होते. तट आणि त्याभोवतीची जमीन प्रशियन लष्कराच्या ताब्यात होती. ती सोडवून घ्यायला शहराने जवळजवळ १ कोटी २० लाख मार्क भरले.

याच तटासाठी त्यांनी ११८० मध्येही पैसे भरले होते. तेव्हा शहराचा धनी होता तिथला आर्चबिशप, फिलिप फॉन हाइन्सबेर्ग. आर्चबिशप म्हणजे नुसता धर्मगुरू नव्हे. कर त्याचे, न्याय त्याचा, शहरही त्याचं. नागरिकांनी त्याला न विचारताच गावाभोवती खंदक खणून मातीचा बांध घालायला सुरुवात केली. तक्रार थेट सम्राट फ्रेडरिक बार्बारोसापर्यंत गेली. शेवटी तडजोड झाली: नागरिकांनी आर्चबिशपला २००० मार्क द्यायचे आणि तट राहू द्यायचा. आधी बांधून टाकायचं, मग दंड भरून नियमित करून घ्यायचं, ही रीत आपल्याकडच्याच नगरपालिकांची नाही, हे वाचून मला अंमळ बरं वाटलं.

त्या मातीच्या बांधावर पुढच्या काही दशकांत दगडी तट चढला. साडेसात किलोमीटरचा अर्धगोल, दोन्ही टोकं ऱ्हाइन नदीला टेकलेली. जमिनीच्या बाजूला बारा वेशी. आत सुमारे ४०० हेक्टर जागा, म्हणजे त्या काळाच्या मानाने इतकी ऐसपैस की तटाच्या आत मळे होते, द्राक्षबागा होत्या. सातशे वर्षं शहराला तटाबाहेर पाऊल टाकावं लागलं नाही. त्या सगळ्यातून आज उरल्यात तीन मोठ्या वेशी, एक धाकटी, नदीकाठचे बुरूज आणि तटाचे काही तुकडे.

कोलोनला जाणारा माणूस कॅथेड्रल बघतो. स्टेशनातून बाहेर पडलं की ते अंगावरच येतं. न बघून सांगता कुणाला. मग नदीकाठी एक फेरी, पुलाच्या कठड्याला लोकांनी लावलेली कुलपं, एक बिअर, आणि पुढची गाडी. माझा भाचा तिथे नोकरीला आहे. त्याला म्हटलं, मला वेशी बघायच्यात. तो म्हणाला, "मावशी, उल्रेफोर्टे हा ट्रामचा स्टॉप आहे. तिथे बघायचं काय?" त्याचं चुकत नव्हतं. रोज कामाला जाताना तेराव्या शतकाच्या दारातून जाणाऱ्या माणसाला ते दार दिसत राहावं, ही अपेक्षाच जास्त आहे. आणि इथे तर दारातून जावंही लागत नाही. दोन्ही बाजूंची भिंत गेली, त्यामुळे ट्राम, सायकली, कुत्रं फिरवणारी माणसं सगळी वेशीला वळसा घालून जातात.

तट होता त्या रेषेवर आज शहराचे रिंग रस्ते आहेत. जोसेफ श्ट्युबेन नावाच्या नगररचनाकाराने १८८१ नंतर इथे नवं शहर आखलं. रुंद रस्ते, झाडं, चौक, पुढे नाटकगृह. रस्त्यांची नावं ठेवताना मात्र या मंडळींनी जर्मन इतिहासाचं पुस्तक उघडून ठेवलं असावं. दक्षिणेकडून निघालं की आधी उबियर रिंग, उबियर म्हणजे रोमनांच्या वेळची इथली टोळी. मग क्लोडविग या फ्रँक राजाच्या नावाचा चौक, मग कॅरोलिंगर, सॅक्सन, सालियन, होहेनश्टाउफेन, हॅब्सबुर्ग, होहेनझोलर्न अशी घराणी क्रमाने, त्यानंतर कैसर विल्हेल्म, आणि उत्तरेच्या टोकाला थेओडोर हॉइस, म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतरच्या संघराज्याचे पहिले राष्ट्राध्यक्ष. पंधरा नंबरच्या ट्रामने दीड-दोन हजार वर्षं अर्ध्या तासात संपतात. आम्ही चालत गेलो. भाच्याचे पाय माझ्याआधी दुखले, हे त्याने घरी फोनवर आईला सांगितलं नाही, म्हणून मी इथे सांगते.

दक्षिणेच्या टोकाला, नदीच्या अगदी काठावर बायेनटुर्म नावाचा बुरूज आहे. उंच, करडा, वर चर्या काढलेला. तट पुरा होत आला तेव्हा तत्कालीन आर्चबिशप एंगेलबेर्ट दुसरा याने तो आपल्या ताब्यात घेतला आणि तिथे आपली माणसं बसवली. लोकांनी बांधलेल्या तटाच्या टोकावर धन्याने चौकी बसवली ती बाहेरच्या शत्रूसाठी नव्हती, गावावर नजर ठेवायला होती, हे गावाने ओळखलं. १२६२ मध्ये लोकांनी हल्ला करून बुरूज काढून घेतला. "बुरूज ज्याचा, सत्ता त्याची" असं एक जुनं वचन या बुरुजाबद्दल सांगतात. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बफेकीत त्याचा बहुतेक भाग ढासळला, अनेक वर्षं तसाच पडून होता, मग पुन्हा उभा केला. आणि १९९४ पासून तिथे कोण आहे? स्त्रीचळवळीचं संग्रहालय आणि ग्रंथालय. पत्रकार अलीस श्वार्त्सर यांनी उभं केलेलं. पत्रकं, मासिकं, मोर्च्यांचे फोटो, मताधिकाराच्या लढ्याचे कागद. बुरूज ज्याचा सत्ता त्याची, हे ध्यानात ठेवूनच जागा निवडली असणार. मला ती निवड फार आवडली.

पुढची वेस झेवेरिनस्टोर, लोकभाषेत फ्रिंग्सपोत्स. हिला जोड बुरूज नाहीत. एकच जाडजूड बुरूज आणि त्याच्या पोटातून आरपार कमान. दक्षिणेचा, बॉनकडे जाणारा रस्ता या कमानीखालून जातो. हा रस्ता वेशीहून बाराशे वर्षांनी जुना आहे. रोमन वसाहतीचा उत्तर-दक्षिण राजमार्ग तो हाच. मधल्या भागात तो आज खरेदीचा रस्ता झालाय आणि उत्तरेकडे आयगेलश्टाइनच्या वेशीतून बाहेर पडतो. म्हणजे वेशींनी रस्ता ठरवला नाही; रस्ता होता तिथे वेस आली.

या वेशीची एक गोष्ट आहे, आणि ती दरवर्षी घडते. यान नावाचा एक गडी. त्याचं ग्रीट नावाच्या मोलकरणीवर मन बसलं. तिने नाही म्हटलं. गड्याशी लग्न करून काय मिळणार? यान सैन्यात गेला. तीस वर्षांच्या युद्धात पराक्रम करत करत सेनापती झाला, आणि एक दिवस फौजेसह या वेशीतून शहरात शिरला. वेशीपाशी ग्रीट सफरचंदं विकत बसलेली. त्याने घोडा थांबवला. "ग्रीट, तेव्हा हो म्हणाली असतीस तर!" ती म्हणाली, "यान, तेव्हा कळलं असतं तर!" यान फॉन व्हेर्ट हा घोडदळाचा सेनापती खराच होऊन गेला, १६५२ मध्ये वारला, शहराच्या जुन्या बाजारात त्याचा पुतळाही आहे. ग्रीटची गोष्ट लोकांनी जोडली. कार्निव्हल सुरू होतो त्या गुरुवारी, बायकांच्या मानाच्या दिवशी, याच वेशीसमोर हा प्रवेश दरसाल वठवतात. मला ग्रीटचं उत्तर जास्त पटतं. त्यात पश्चात्ताप नाही, रडगाणं नाही. उपलब्ध माहितीवर निर्णय घेतला होता, एवढंच.

वेशीतून आत त्याच रस्त्याने थोडं गेलं की एका जागी आमचं बोलणं थांबलं. ३ मार्च २००९ रोजी इथली शहराच्या ऐतिहासिक दफ्तरखान्याची इमारत कोसळली. समोर भुयारी रेल्वेचं खोदकाम चाललं होतं, जमीन सरकली आणि सहा मजले खड्ड्यात गेले. शेजारच्या घरांतले दोघे दगावले. आणि हजार वर्षांचे कागद चिखलात गेले: व्यापाऱ्यांचे करार, राजांच्या सनदा, नगरसभेच्या वह्या. नंतर त्यातले बहुतेक उपसून काढले, पण फाटलेले, भिजलेले, एकमेकांत मिसळलेले. ते सुकवून, जोडून, लावण्याचं काम वर्षानुवर्षं चालू आहे. युद्धाच्या काळात हे दफ्तर बाहेर हलवल्यामुळे वाचलं होतं, गेलं ते शांततेत.

झेवेरिनच्या पुढे सॅक्सन रिंगवर तटाचा सगळ्यात चांगला राहिलेला तुकडा आहे, मध्ये अर्धगोल बुरूज. इथे मी बराच वेळ काढला, कारण भिंतीत ओळखीचा दगड दिसला: बसाल्ट. आपला काळा पाषाण. इथला बसाल्ट ऱ्हाइनच्या वरच्या अंगाच्या जुन्या ज्वालामुखींचा, होड्यांतून आणलेला. सहाकोनी, पाचकोनी खांबांच्या रूपात निघतो तो. ते खांब आडवे रचून भिंतीत घातलेत, त्यामुळे नुसती टोकं दिसतात. बाहेरून फिकट टफ दगडाचे चिरे लावलेले. टफही ज्वालामुखीचाच, पण राखेचा. मऊ, कापायला सोपा. आपल्याकडे बसाल्ट घडवून चिरे करतात. इथल्या गवंड्यांनी तो घडवायचा खटाटोपच केला नाही, निघाला तसा आडवा टाकला आणि वर चुना ओतला. भाचा भूगर्भशास्त्राचा नाही पण दगडाला हात लावून म्हणाला, "म्हणजे हा आणि राजगडचा दगड एकच?" एकच नव्हे रे. जात एक, गाव वेगळं, वयातही कोट्यवधी वर्षांचं अंतर.

याच तुकड्याला लागून उल्रेफोर्टे, सगळ्यात धाकटी वेस. खरं म्हणजे ती वेस म्हणून फारशी चाललीच नाही. रहदारी कमी, म्हणून लवकर बुजवली गेली. पुढे तिच्या बुरुजावर पवनचक्की बसली. बारा वेशींमधली सगळ्यात बिनमहत्त्वाची. पण शहराचा सगळ्यात नाट्यमय प्रसंग तिच्याच शेजारी घडला.

१२६८ चा ऑक्टोबर. एंगेलबेर्ट आर्चबिशपचं आणि शहराचं भांडण सहा वर्षांनंतरही मिटलेलं नाही. शहरातही दोन बडी घराणी एकमेकांच्या उरावर. ओव्हरश्टोल्झ आत, आणि आर्चबिशपच्या बाजूचे वाइझे गावाबाहेर हाकललेले. बाहेरच्यांना आत यायचंय, आणि साडेसात किलोमीटर तटात शिरायला जागा नाही. तेव्हा त्यांना हाफेनिट नावाचा एक गरीब माणूस सापडला. त्याचं झोपडं तटाला चिकटून, आतल्या बाजूला. पैसे घेऊन त्याने आपल्या घरातून तटाच्या पायाखाली भोक पाडायला सुरुवात केली. एका रात्री त्या भोकातून शत्रूची माणसं एकामागून एक आत आली. कुणीतरी बघितलं, ओरडा झाला, ओव्हरश्टोल्झ घराण्याचे लोक धावले, पहाटेपर्यंत गल्लीत कापाकापी झाली. माथियास ओव्हरश्टोल्झ जबर जखमी होऊन पुढे मेला. पण हल्ला परतवला.

नगराचा लेखनिक गोटफ्रीड हागेन याने ही हकीकत दोनच वर्षांत पद्यात लिहून ठेवली. सुमारे १३६० मध्ये, म्हणजे लढाईला नव्वद वर्षं होऊन गेल्यावर, तिचं दगडी शिल्प तटात बसवलं. देव, संत किंवा राजा यांच्यासाठी नव्हे तर एका घडलेल्या प्रसंगासाठी उभारलेलं जर्मनीतलं हे सगळ्यात जुनं स्मारक मानलं जातं. मूळ शिल्प संग्रहालयात आहे, भिंतीवर त्याची प्रत. झिजलेलं आहे, कोण कुणाला मारतोय हे ओळखता येत नाही.

मी हाफेनिटचा विचार करत होते. गद्दार म्हणून त्याचं नाव साडेसातशे वर्षं टिकलं. पण तट बांधला व्यापाऱ्यांनी, भांडण दोन श्रीमंत घराण्यांचं, आर्चबिशप त्यांच्याहून श्रीमंत. त्या तटाने हाफेनिटचं काय राखलं होतं? तटाची सावली आणि ओल सोडून त्याच्या वाट्याला काय आलं? हागेनचं पद्य जिंकणाऱ्यांच्या बाजूचं आहे आणि त्यात या प्रश्नाला जागा नाही. आपल्याकडे फितुरीच्या कथा सांगतानाही आपण फितुराचं घर कुठे होतं, त्याच्या चुलीवर काय शिजत होतं, हे विचारत नाही. मी त्याची बाजू घेत नाहीये. फक्त भोक पाडायला त्याला कुठे दुसरीकडे जावं लागलं नाही, घरातच कुदळ मारली, एवढं मला महत्त्वाचं वाटतं.

शेवटी शहराचं आणि आर्चबिशपचं भांडण १२८८ मध्ये शहराबाहेर, व्होरिंगेनच्या मैदानात तुटलं. तेव्हाचा आर्चबिशप हरला, पकडला गेला, आणि त्यानंतर कोलोनचा धर्मगुरू कोलोनचा धनी राहिला नाही. त्याचे वारस शहराबाहेर राहायचे. आपल्याच कॅथेड्रलच्या गावात मुक्काम करायला त्यांना नगरसभेची परवानगी लागायची. २००० मार्क देऊन मिळवलेल्या तटाची किंमत शंभर वर्षांत वसूल झाली.

आज उल्रेफोर्टेची किल्ली कुणाकडे आहे हे सांगितलं तर हाफेनिटही हसेल. ती आहे 'रोटे फुंकेन' म्हणजे लाल ठिणग्या नावाच्या कार्निव्हल मंडळाकडे. स्थापना १८२३. जुन्या शहराचे स्वतःचे शिपाई होते, लाल-पांढऱ्या गणवेशातले. पगार तुटपुंजा, पहाऱ्यावर उभे असताना मोजे विणत बसायचे असं त्यांच्याबद्दल सांगतात. फ्रेंच आले आणि हे शिपाई बरखास्त झाले. पुढे प्रशियन आले, कडक कवायतींसह. तेव्हा कोलोनच्या लोकांनी आपल्या त्या निरुपयोगी शिपायांचं सोंग काढून प्रशियनांची थट्टा सुरू केली. लाकडी बंदुका, नळीत फुलांचा गुच्छ, आणि त्यांची खास कवायत म्हणजे पाठीला पाठ लावून एकमेकांची ढुंगणं घासणे. दोनशे वर्षं हे चाललंय. गावातले प्रतिष्ठित वकील, डॉक्टर, व्यापारी त्यात असतात. जवळचे दुसरे बुरूज, आणि पश्चिमेची हानेनटोर, यांतही अशीच मंडळं आहेत. खऱ्या शिपायांना जी वेस फारशी राखता आली नाही ती सोंगाड्यांनी डागडुजी करून, छप्पर घालून नीट राखली आहे.

आपल्या गडांचे दरवाजे डोळ्यांत भरलेल्या माणसाला इथे एक गोष्ट खटकते. रायगडाचा महादरवाजा दोन बुरुजांच्या कुशीत दडवलेला. वाट वळते, पुन्हा वळते, आणि अगदी समोर येईपर्यंत दार दिसतच नाही. गोमुखी बांधणीचा हेतूच तो: हत्तीला धावायला जागा नको, तोफेला सरळ मारा नको. कोलोनच्या वेशी उलट छाती काढून रस्त्याच्या मधोमध उभ्या. लांबून दिसाव्यात, उंच दिसाव्यात, जवळ येणाऱ्याने मान वर करावी. गड शत्रूची वाट बघत असतो. हे शहर गिऱ्हाइकाची बघत होतं. १२५९ पासून कोलोनला साठवणीचा हक्क होता. नदीने किंवा रस्त्याने येणाऱ्या व्यापाऱ्याने माल इथे उतरवायचा, तीन दिवस शहरातल्या लोकांपुढे विक्रीला ठेवायचा, मग उरलेला घेऊन पुढे जायचं. वेशीतल्या देवडीत बसलेला माणूस भाल्यापेक्षा तराजूच्या कामाचा होता. वेस दणदणीत असणं हा दुकानाच्या पाटीचाच भाग.

हानेनटोर ही त्या दृष्टीने सगळ्यात मिरवणारी. दोन अर्धगोल बुरूज, मध्ये कमान, तोंड पश्चिमेला आखेनकडे. आखेनला राज्याभिषेक झालेला जर्मन राजा तिथून सत्तर किलोमीटर येऊन या वेशीतून शिरायचा आणि कॅथेड्रलमधल्या तीन मागींच्या, म्हणजे बाळ येशूच्या दर्शनाला पूर्वेकडून आलेल्या तीन ज्ञानी पुरुषांच्या, अस्थींचं दर्शन घ्यायचा. त्या अस्थी ११६४ मध्ये मिलानहून आणलेल्या; बार्बारोसाने शहर जिंकल्यावर आपल्या चॅन्सेलरला, म्हणजे मुख्य कारभाऱ्याला, दिलेल्या; तोच कोलोनचा आर्चबिशपही होता. राजांची वेस म्हणून एवढं सांगितलं की पुरे. बुरुजाचा एक भाग युद्धात गेला होता तो नव्याने बांधलाय, ते कळतं. आम्ही गेलो तेव्हा समोर सॉसेजची गाडी होती आणि तिच्यापुढे वेशीपेक्षा जास्त गर्दी.

राजे आत आले त्याच बाजूने किल्ल्या बाहेर गेल्या. ६ ऑक्टोबर १७९४ रोजी फ्रेंच क्रांतीचं सैन्य पश्चिमेकडून आलं. शहराच्या वतीने महापौर वेशीबाहेर सामोरा गेला आणि किल्ल्या देऊन आला. एक गोळी सुटली नाही. ज्या तटाच्या टोकाच्या बुरुजासाठी, एका भोकासाठी माणसं मेली, तो पूर्ण उभा असताना वीस मिनिटांच्या शिष्टाचारात शहर गेलं. तोफांच्या काळात ती भिंत फारशी उपयोगाची नव्हती आणि शहराकडे लढणारेही नव्हते. मोजे विणणारे होते. महापौराने केलं ते शहाणपणाचंच केलं असं मला वाटतं.

त्यानंतर किल्ल्या शहराकडे परत आल्याच नाहीत. फ्रेंचांनंतर १८१५ मध्ये प्रशिया. त्यांनी कोलोनला सीमेवरचा लष्करी किल्ला करून टाकलं, तटाबाहेर आणखी गढ्या बांधल्या आणि त्या पट्ट्यात घर बांधायला बंदी घातली. आत माणसं वाढत चालली. शतकाच्या सुरुवातीला पन्नास हजारांच्या आसपास वस्ती, १८८० ला सुमारे दीड लाख. द्राक्षबागा गेल्या, अंगणं गेली, गल्ल्यांवर मजले चढले. कारखाने तटाबाहेर लांब निघाले आणि वेशींवर गाड्यांची कोंडी होऊ लागली. ही कहाणी मुंबईकराला समजावून सांगायला नको. कोटाच्या भिंती, अपोलो, चर्च आणि बाजार अशा तीन वेशी, आत श्वास कोंडलेलं गाव, आणि १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअरच्या कारकिर्दीत सगळ्यावर पडलेला हातोडा. फरक एवढाच की मुंबईत पाडायचं ठरवणारं सरकार आणि तट ज्याचा ते सरकार एकच होतं. कोलोनच्या लोकांना आपल्याच तटाची किंमत बर्लिनला मोजावी लागली. त्यामुळे १८८१ च्या त्या सुरुंगाचा त्यांना झालेला आनंद मला आता कळतो. त्यांच्या लेखी पूर्वजांची भिंत पडत नव्हती, दुसऱ्याचं कुलूप तुटत होतं. शहराला तर वेशीही नको होत्या. चार वेशी राहिल्या त्या जुन्या वास्तूंची कळकळ असलेल्या लोकांमुळे आणि, हे जरा गमतीचं, प्रशियन सरकारनेच धरलेल्या आग्रहामुळे.

उत्तरेची आयगेलश्टाइनटोर आम्ही शेवटी गाठली. इथून १३ सप्टेंबर १८०४ ला नेपोलियन शहरात आला. आता कमानीच्या भिंतीवर शेतकऱ्याची मूर्ती आहे, कोलोनचा लाडका 'कोल्शे बोर'. हातात मळणीचा दांडका आणि शहराची किल्ली. खाली स्थानिक बोलीत त्याला बजावलंय की गड्या, गोड पडो की आंबट, साम्राज्याशी घट्ट राहा. ते साम्राज्य नेपोलियनच्या धक्क्यानेच १८०६ मध्ये मोडलं, नंतरचं १९१८ मध्ये, त्याच्या पुढच्याबद्दल तर बोलायलाच नको. शेतकऱ्याने किल्ली सोडलेली नाही.

कमानीच्या एका बाजूच्या खणात फुटक्या लाकडी होडीचा सांगाडा टांगलेला आहे. नदी इथून दूर नाही, तरी वेशीत होडी हे विचित्रच. शहराचं नाव दिलेली 'क्योल्न' ही युद्धनौका २८ ऑगस्ट १९१४ रोजी, पहिलं महायुद्ध सुरू होऊन जेमतेम महिना झाला होता तेव्हा, हेल्गोलांड बेटाजवळ इंग्रजांनी बुडवली. पाचशेहून अधिक खलाशी गेले. एकच वाचला, बॉयलरवर काम करणारा आडोल्फ नॉयमान. तिची ही होडी पुढे नोर्डरनाय बेटाच्या किनाऱ्याला लागली, आणि १९२६ पासून इथे आहे. खालून जाणारी माणसं वर बघत नाहीत. भाच्याने या वेशीखालून शेकडो वेळा जाऊनही होडी पाहिली नव्हती. तो फोनमध्ये त्या नॉयमानबद्दल शोधत राहिला आणि मी एकटीच वेशीला फेरी मारून आले.

वेशीच्या आतल्या बाजूला वाइडेनगासे ही तुर्की दुकानांची गल्ली आहे. लग्नाचे झगमगीत पोशाख, सोन्याच्या बांगड्यांनी भरलेल्या काचा, बकलावा, कोळशावरचे कबाब. १९६० च्या दशकापासून इथल्या कारखान्यांनी कामगार बोलावले त्यांच्या नातवंडांची ही गल्ली. आम्ही मसुराचं सूप आणि भाकरीसारखी गरम रोटी घेतली. भाचा म्हणाला, त्याच्या व्हिसाच्या नूतनीकरणाची तारीख पुढल्या महिन्यात आहे, कागद सगळे तयार आहेत, फक्त भेटीची वेळ मिळत नाहीये. मी विचारलं, मग देतं कोण वेळ? म्हणाला, "ऑनलाइन असतं मावशी. सकाळी सात वाजता उघडतं आणि सात वाजून दोन मिनिटांनी संपतं." सुपात लिंबू पिळत त्याने पुढे सांगितलं की ऑफिसातल्या एका मित्राला युक्ती माहीत आहे, रात्री बाराला पुन्हा एकदा बघायचं, कुणीतरी रद्द केलेली जागा सापडते. आज रात्री तो जागणार होता. मी म्हटलं, मला उठव, दोघं बसू.